मोखाडा : १ जूनच्या वाढदिवसांचा मुलूख

मध्य रेल्वेची लोकल ज्या स्थानकावर आपला प्रवास संपविते, त्या कसाऱ्याहून एक रस्ता विहीगावच्या धबधब्यावरून खोडाळ्याच्या दिशेने डोंगरात शिरतो. नाशिकहून निघालेला दुसरा रस्ता त्र्यंबकेश्वर ओलांडून तोरंगणचा घाट उतरतो. तिसरा पालघर-विक्रमगडकडून जव्हारची चढण चढून येतो. या तिन्ही वाटांनी मोखाड्याला पोहोचता येते. मुंबई, ठाणे आणि नाशिक ही महाराष्ट्रातील तीन मोठी शहरे या तालुक्यापासून काही तासांच्याच अंतरावर आहेत. तरीही नोकरीच्या निमित्ताने जो मनुष्य येथे प्रथम येतो, त्याला आपण परमुलखात आलो असेच वाटते.

पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्यातून वेगळा झाला. त्याच्या पूर्व टोकाला, सह्याद्रीच्या कुशीत जव्हार आणि मोखाडा हे दोन तालुके शेजारी शेजारी आहेत. जव्हारला राजवैभवाचा वारसा आहे. मुकणे घराण्याचे हे संस्थान १९४८ साली भारतात विलीन झाले. जयविलास राजवाडा आणि शिवाजी महाराजांच्या मुक्कामाची आठवण सांगणारे शिरपामाळ पाहावयास आजही पर्यटक जातात. मोखाड्याला असा राजवाडा नाही. ब्रिटिश अमदानीत तो शहापूर तालुक्याचा एक पेटा होता. २०११च्या जनगणनेत जव्हार तालुक्याची लोकसंख्या १,४०,१८७ आणि मोखाड्याची अवघी ८३,४५३ भरली. तीत दहापैकी नऊ माणसे आदिवासी आहेत. वारली, कोकणा, ठाकूर, महादेव कोळी, कातकरी अशा जमातींचे पाडे डोंगरउतारांवर विखुरलेले असून एका गावात पाच-सात पाडे असणे ही येथील नेहमीची रचना आहे. एका पाड्यावरून दुसऱ्यावर जाताना मध्ये ओहोळ लागतो. उन्हाळ्यात तो कोरडा दगडगोटा असतो, तर आषाढात तोच वाट अडवितो.

पाऊस हा येथील खरा सत्ताधीश आहे. वर्षाकाठी २,००० मिलिमीटरहून कितीतरी अधिक पाऊस पडतो आणि बहुतेक सारा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतच कोसळतो. उतारावरची नागली आणि वरई, सखल खाचरातला भात यांचे वर्षभराचे गणित त्यावर चालते. मात्र एवढे पाणी पडूनही फाल्गुन-चैत्रात पाड्यांवरच्या विहिरी तळ गाठतात आणि टँकरची वाट पाहावी लागते. वैतरणेवरील १०० मीटरांहून उंच मध्य वैतरणा धरण याच तालुक्याच्या हद्दीत कोचाळे येथे उभे आहे. त्याचे पाणी मुंबईच्या नळांना जाते. मुंबईकर व्यापाऱ्याच्या घरी सकाळी जो हंडा भरतो, त्यातील काही ओंजळी मोखाड्याच्या डोंगरावर पडलेल्या पावसाच्या असतात.

या मुलखात बाहेरून येणाऱ्यांत सर्वांत मोठी संख्या शिक्षकांची राहिली आहे. जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळा आणि आदिवासी विकास विभागाच्या निवासी आश्रमशाळा यांत शिकविण्यासाठी मराठवाड्यातून, खानदेशातून, सोलापूर-अहिल्यानगरच्या कोरड्या पठारावरून तरुण-तरुणी येतात. सरकारी बदल्यांच्या भाषेत या भागाला ‘अवघड क्षेत्र’ म्हणतात. त्या दोन शब्दांत पुष्कळ काही सामावले आहे. नवा गुरुजी वर्गात उभा राहतो तेव्हा मराठीतूनच बोलतो. समोरची मुलेही मराठीच्याच बोली बोलतात, तरी पहिले काही आठवडे एकमेकांचे अर्धे बोलणे हवेतच विरते. देशावर ज्वारीच्या भाकरीवर वाढलेल्या माणसाला नागलीची काळसर भाकरी रुळायला वेळ लागतो. जैन घरातील शिक्षक असेल, तर अडचण निराळीच. पावसाळ्यात येथील माणसे रानातील करांदे, कडूकंद उकडून खातात. शेवळी, कोळी यांसारख्या रानभाज्या त्या दिवसांतील मोठा आधार असतात. कंदमुळे वर्ज्य आणि चातुर्मासात पालेभाजीही वर्ज्य असलेल्या पाहुण्याला काय वाढावे, हा प्रश्न यजमानाला पडतो. मग भात आणि वरईवर भागते. सूर्यास्तापूर्वी जेवण्याचा नियम मात्र येथे सहज निभतो, कारण वीज गेली की पाड्यावर सारेच लवकर जेवतात.

शाळा जूनच्या मध्याला उघडतात आणि त्याच सुमारास पाऊस सुरू होतो. म्हणजे शिक्षकाचे नवे वर्ष आणि रोगराईचा हंगाम हातात हात घालून येतात. डासाने चावा घेतल्यापासून हिवताप उमटायला साधारण १० ते १५ दिवस लागतात. जूनमध्ये रुजू झालेला नवखा शिक्षक म्हणूनच बहुधा आषाढात अंथरूण धरतो. प्रथम अंग मोडून येते, मग थंडी भरते, दात वाजू लागतात, पाठोपाठ ताप चढतो आणि घाम फुटून उतरतो. दुसऱ्या दिवशी बरे वाटते, म्हणून तो शाळेत जातो. तिसऱ्या दिवशी तोच क्रम पुन्हा सुरू होतो. हिवतापाच्या एका प्रकारात जंतू यकृतात दडून राहतात. त्यामुळे ताप उतरला तरी प्रायमाक्वीनच्या गोळ्या १४ दिवस नेमाने घ्याव्या लागतात. चार दिवसांत बरे वाटले म्हणून ज्याने गोळ्या सोडल्या, त्याला तो ताप महिन्या-दोन महिन्यांनी पुन्हा गाठतो. हिवतापाखेरीज दूषित पाण्यातून कावीळ आणि विषमज्वर येतो. चिखलातून अनवाणी चालणाऱ्याच्या पायाच्या जखमेतून लेप्टोस्पायरोसिस शिरतो. पाणी गाळून, उकळून पिण्याचा जैन आचार जीवदयेसाठी सांगितलेला आहे. या मुलखात तो पिणाऱ्याच्याही जीवाचे रक्षण करतो.

याच दिवसांत अनेक शिक्षकांचा वाढदिवस येतो. घरी असता तर आईने औक्षण केले असते, सकाळी मंदिरात दर्शन झाले असते, लापशी शिजली असती. येथे पत्र्यावर पाऊस वाजतो आहे, मोबाइलला रेंज नाही आणि शुभेच्छांचे संदेश कुठल्या तरी टेकडीवर गेल्यावरच हाती पडणार आहेत. अंगात ताप असलेल्या माणसाला अशा वेळी घराचे अंतर किलोमीटरांत मोजता येत नाही. उशाशी पाण्याचा तांब्या कोण ठेवतो, एवढ्यावरच ते ठरते.

मोखाड्यात तो तांब्या बहुधा पाड्यावरचे कोणी तरी ठेवते. शाळेची खोली उघडली नाही, हे मुलांच्या आधी लक्षात येते. मुले घरी सांगतात. मग कोणी भाताची पातळ पेज आणून देतो, कोणी आशाताईंना निरोप धाडतो. रोग्याला पुढे नेण्याची पायरीही ठरलेली आहे. आधी उपकेंद्र, मग खोडाळा, वाशाळा, मोऱ्हांडा, आसे येथील प्राथमिक आरोग्य केंद्रांपैकी जे जवळ असेल ते, त्यानंतर मोखाड्याचे ग्रामीण रुग्णालय, तेथून वीस-पंचवीस किलोमीटरवरील जव्हारचे पतंगशाह कुटीर रुग्णालय आणि प्रकृती फारच बिघडली तर नाशिक. प्रत्येक पायरीवर रस्ता, वाहन आणि पाऊस या तिघांची संमती लागते. शिक्षकाकडे निदान पगार असतो, रजा असते, दुचाकी असते आणि नाशिक किंवा बीड-लातूरला फोन करता येईल असे घर असते. ज्या पाड्यावर त्याची शुश्रूषा होते, त्या पाड्याला यांपैकी फारसे काही नसते.

शिक्षक बरा होऊन शाळेत परततो, तेव्हा टेबलावर जनरल रजिस्टर पडलेले असते. त्यात पहिलीत आलेल्या मुलांची नावे लिहावयाची असतात. नाव, वडिलांचे नाव, जात, गाव असे रकाने भरले जातात आणि लेखणी ‘जन्मतारीख’ या रकान्याशी अडते. कित्येक पिढ्या या रकान्यात उत्तर नव्हते. मुलाचा जन्म आवणीच्या दिवसांत झाला, राब भाजत होते तेव्हा झाला, होळीला तो रांगत होता, असे आईला अचूक आठवे. पाचवीच्या रात्री सटवाई बाळाच्या कपाळी नशीब लिहिते, ही समजूतही घरोघर होती, परंतु सटवाईच्या लेखात तारीख नसते. रजिस्टरला तर तारीख हवीच. मग गुरुजी मुलाकडे पाहून वर्षाचा अंदाज करीत आणि तारीख लिहीत : १ जून. शैक्षणिक वर्ष जूनमध्ये सुरू होते. त्या दिवशी वय पूर्ण भरलेले दाखविले की प्रवेशाचा प्रश्न सुटे.

ही पद्धत केवळ मोखाड्याची नाही. महाराष्ट्राच्या खेडोपाडी एका काळी ती सर्रास चाले आणि तिचा एक परिणाम सरकारी कचेऱ्यांत आजही दिसतो. महिन्याच्या पहिल्या तारखेला जन्मलेला कर्मचारी आदल्या महिन्याच्या अखेरच्या दिवशी निवृत्त होतो. म्हणून ३१ मे रोजी राज्यभरातील कार्यालयांत निरोप-समारंभांची एकच दाटी उडते. त्यांतील कित्येकांनी आपला खरा जन्मदिवस आयुष्यात कधी जाणलेला नसतो. त्यांना शिकविणारे गुरुजीही कदाचित १ जूनचेच असत. शाळेच्या दाखल्यावरची ती तारीख पुढे नोकरीची, बँकेच्या खात्याची, निवृत्तिवेतनाची तारीख होते. खोटी म्हणावी, तर साऱ्या आयुष्याचे व्यवहार तिच्यावर उभे असतात. खरी म्हणावी, तर त्या दिवशी कोणी जन्मलेले नसते.

व्यापारी कुटुंबात नोंदीचे महत्त्व निराळे सांगावयास नको. दिवाळीला नव्या वहीचे पूजन होते, पहिल्या पानावर शुभ-लाभ लिहिले जाते आणि ज्या रकमेची नोंद नाही ती रक्कम हिशेबात धरली जात नाही. माणसांचेही काहीसे तसेच घडते. जन्म-मृत्यू नोंदणीचा कायदा १९६९ सालचा आहे आणि २१ दिवसांच्या आत जन्म नोंदवावा असे तो सांगतो. पण दूरच्या पाड्यावर, घरीच, सुईणीच्या हाती जे मूल जन्मले आणि काही दिवसांतच गेले, त्याची नोंद जन्माच्या वहीत नसे आणि मृत्यूच्याही वहीत नसे. १ जूनची तारीख ज्याला मिळाली, तो निदान शाळेच्या दारापर्यंत पोहोचलेला होता.

ते दार गाठणे येथे किती कठीण होते, हे महाराष्ट्राला १९९२-९३ साली कळले. जव्हार तालुक्यातील वावर-वांगणी येथील बालमृत्यूंनी सारे राज्य हादरले. मुंबईपासून दीडशे किलोमीटरच्या आत मुले अन्नावाचून आणि साध्या आजारांनी दगावतात, ही गोष्ट तोवर शहराला माहीत नव्हती. २०१६ साली मोखाड्यातील कुपोषणाच्या बातम्यांनी वर्तमानपत्रांची पाने पुन्हा भरली. कुपोषणाने क्वचितच सरळ मृत्यू येतो. कमी वजनाच्या बाळाला जुलाब होतात, न्यूमोनिया होतो, ताप येतो. सुदृढ मूल ज्या आजारातून आठवड्यात उठते, त्यातून हे मूल उठत नाही. त्याच्या मागे कारणांची साखळी असते. लहान वयात झालेले लग्न, आईच्या अंगी नसलेले रक्त, दिवाळीनंतर वीटभट्टीवर होणारे कुटुंबाचे स्थलांतर, भट्टीवर नसलेली अंगणवाडी आणि पावसाळ्यात कोठीतील संपलेले धान्य हे तिचे दुवे आहेत. गरोदर आणि स्तनदा मातांना अंगणवाडीत दिवसातून एक पोटभर जेवण देणारी अमृत आहार योजना राज्याने २०१५ साली सुरू केली. त्यामागे हीच समज होती : बाळ वाचवावयाचे तर आधी आईचे ताट भरले पाहिजे.

२०२२च्या ऑगस्टमध्ये देश स्वातंत्र्याचा अमृत महोत्सव साजरा करीत होता. त्याच दिवसांत मोखाडा तालुक्यातील एका वाडीवर एका मातेने सातव्या महिन्यातच घरी जुळ्या बाळांना जन्म दिला. दोन्ही बाळे गेली. रक्तस्राव होत असलेल्या मातेला वाडीतील माणसांनी पावसात, निसरड्या वाटेने, झोळीच्या डोलीतून सुमारे तीन किलोमीटर वाहून मुख्य रस्त्यापर्यंत आणले, कारण वाडीला रस्ता नव्हता. ती माता वाचली. जन्मदिवस आणि आजारपण या दोन गोष्टी शहरातील घरात एकत्र आल्या तर तो दुर्दैवी योगायोग समजला जातो. मोखाड्यात मूल पहिला वाढदिवस पाहीपर्यंत त्या दोन्ही त्याच्याबरोबरच राहतात.

परमुलखात शिकविताना आजारी पडलेल्या एका थोर पुरुषाची आठवण जैन समाजाने येथे करावी. वीरचंद राघवजी गांधी यांचा जन्म २५ ऑगस्ट १८६४ रोजी भावनगरजवळील महुवा येथे, व्यापारी कुटुंबात झाला. मुंबईच्या एल्फिन्स्टन महाविद्यालयातून १८८४ साली ते पदवीधर झाले. १८९३ साली शिकागोच्या सर्वधर्म परिषदेचे निमंत्रण आचार्य विजयानंदसूरी ऊर्फ आत्मारामजी महाराज यांना आले. साधूच्या आचारात वाहनाने समुद्रपार जाणे बसत नाही. तेव्हा आचार्यश्रींनी २९ वर्षांच्या वीरचंदभाईंना तयार करून पाठविले. परिषद संपली, पण ते तेथेच थांबून गावोगावी व्याख्याने देत, वर्ग घेत राहिले. पुढे पुन्हा अमेरिका आणि इंग्लंड अशा फेऱ्या झाल्या. समुद्र ओलांडला म्हणून स्वकीयांपैकी काहींचा रोष त्यांनी सोसला आणि परक्या थंडीत शुद्ध शाकाहार सांभाळला. विलायतेहून बॅरिस्टर होऊन परतलेल्या तरुण मोहनदास गांधींनी मुंबईत आहाराचे प्रयोग केले ते वीरचंदभाईंच्याच सोबतीने. आपल्या आत्मकथेत त्यांनी तसा उल्लेख केला आहे.

वीरचंदभाईंची चरित्रे आणखी एक गोष्ट सांगतात. १८९६-९७ साली भारतात दुष्काळ पडला, तेव्हा अमेरिकेत राहून त्यांनी मदत गोळा केली आणि धान्याने भरलेले जहाज मायदेशी धाडण्यासाठी खटपट केली. व्यासपीठावर ते अहिंसा शिकवीत होते. भुकेल्यापर्यंत धान्य पोहोचविणे हा त्यांच्या लेखी त्याच शिकवणीचा भाग होता. पुढे इंग्लंडमध्ये त्यांची प्रकृती ढासळली. १९०१ साली ते मुंबईला परतले आणि ७ ऑगस्ट रोजी त्यांचे निधन झाले. वयाची ३७ वर्षे पूर्ण व्हायला त्या वेळी १८ दिवस उरले होते. त्यांच्या नावाचे टपाल तिकीट २००२ साली निघाले. मात्र त्या अखेरच्या महिन्यांत, परक्या भूमीवर, आजारी शिक्षकाच्या उशाशी कोण बसले असेल, हा विचार त्यांच्या कीर्तीपेक्षाही अधिक काळ मनात रेंगाळतो.

जैन शास्त्राने हा प्रश्न फार पूर्वी ओळखला होता. तपाचे बाह्य आणि आभ्यंतर असे दोन प्रकार आहेत. उपवास, रसत्याग ही बाह्य तपे सर्वांना दिसतात आणि त्यांची वाजतगाजत अनुमोदनाही होते. आभ्यंतर तपांत प्रायश्चित्त, विनय, स्वाध्याय, ध्यान यांच्या पंगतीला वैयावृत्त्य बसविलेले आहे. वैयावृत्त्य म्हणजे सेवा-शुश्रूषा. तत्त्वार्थसूत्राच्या नवव्या अध्यायात ही सेवा कोणाची करावी, याची दहा नावे येतात. त्यांत आचार्यांच्या पाठोपाठ उपाध्याय आहेत, म्हणजे शिकविणारे. पुढे शैक्ष आहेत, म्हणजे नव्याने शिकणारे. त्यांच्या लगेच नंतर ग्लान येतो, म्हणजे रोगाने गळालेला. ही नामावली साधुसंघासाठी आहे हे खरे, परंतु तिचा आशय श्रावकालाही पोहोचतो. शिकविणारा, शिकणारा आणि आजारी असे तिघे एकाच सूत्रात गोवलेले पाहिले की मोखाड्याच्या एखाद्या पाड्यावरची शाळा डोळ्यांसमोर येते. तेथे हे तिघे एकाच छपराखाली असतात आणि कित्येकदा एकाच देहातही असतात.

या दृष्टीने पाहता, तापाने फणफणलेल्या परक्या गुरुजीला पेज आणून देणारी पाड्यावरची स्त्री वैयावृत्त्यच करीत असते. तिला तो शब्द ठाऊक नसतो. व्यापारी घराण्यांच्या पूर्वजांनाही अशा स्त्रिया भेटलेल्या आहेत. मारवाड, गुजरात, कच्छ सोडून लोटा आणि दोरी घेऊन जे पूर्वज महाराष्ट्राच्या खेड्यांत उतरले, त्यांतील कोणी ना कोणी पहिल्या पावसाळ्यात आजारी पडलाच असेल. त्या वेळी ना दुकान जमले होते, ना भाषा. कोण्या शेजाऱ्याने औषधाचा काढा दिला म्हणून तो उठला, आणि उठला म्हणून पुढची पेढी उभी राहिली. हे देणे कोणत्याही वहीत नावे टाकलेले नाही, तरी ते फिटलेले आहे असेही म्हणता येणार नाही.

जैन कुटुंबात वाढदिवसानिमित्त दान देण्याची रीत जुनीच आहे. कोणी पांजरापोळीला चारा देतो, कोणी आयंबिल खात्यात रक्कम भरतो. शास्त्राने सांगितलेली आहार, औषध, ज्ञान आणि अभय ही चारही दाने मोखाड्याच्या एका पाड्यावर देता येतात. आहारदान अंगणवाडीतील डाळ, शेंगदाणे, गूळ यांच्या रूपाने होऊ शकते. औषधदानासाठी आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांना विचारून काय हवे ते द्यावे. शहरातून उरल्यासुरल्या गोळ्यांचे खोके नेऊन टाकणे योग्य नव्हे. मच्छरदाण्या, पाणी गाळण्याची व उकळण्याची साधने आणि अडल्या रात्री रोग्याला नेणाऱ्या जीपचे भाडे या साध्या गोष्टी तेथे मोलाच्या ठरतात. ज्ञानदानासाठी शाळा आहेतच. अभयदानाचा अर्थ त्या मुलखात फार सरळ आहे : प्रसूतीच्या वेळी आईला आणि पावसाळ्यात बाळाला मृत्यूचे भय वाटू नये. देताना घेणाऱ्याचे छायाचित्र काढण्याचा मोह मात्र टाळावा. विनय हेही आभ्यंतर तपच आहे.

ज्यांना हा मुलूख पाहावयाचा असेल, त्यांनी पावसाळ्याच्या अखेरीस जावे. खाचरांत भात तयार झालेला असतो, सूर्यमाळच्या माथ्यावरून दूरवरचे डोंगर स्वच्छ दिसतात, खोडाळ्याजवळ देवबांधच्या गणेशमंदिरापाशी नदीचे पाणी निवळलेले असते. होळीच्या आगेमागे गेल्यास मोखाड्याचा बोहाडा पाहावयास मिळतो. जगदंबेच्या या उत्सवात देवदेवतांचे भव्य मुखवटे चढवून माणसे रात्रभर संबळ-सनईच्या तालावर नाचतात. पाहुण्यांनी गाळलेले पाणी बरोबर न्यावे, सूर्यास्तापूर्वी जेवणाची सोय जव्हार किंवा मोखाड्याच्या बाजारात करून ठेवावी आणि वाटेतील एखाद्या शाळेत क्षणभर थांबावे.

तेथे गुरुजींनी परवानगी दिली, तर जनरल रजिस्टरची जुनी आणि नवी पाने शेजारी ठेवून पाहावीत. जुन्या पानांवर १ जूनच्या ओळीच्या ओळी उतरलेल्या आढळतील. अलीकडच्या पानांवर तारखा विखुरलेल्या असतात : कोणी श्रावणातला, कोणी माघातला, कोणी ऐन आवणीतला. ही मुले दवाखान्यात जन्मली. त्यांचे वजन झाले, त्यांना लस टोचली गेली आणि त्यांच्या जन्माचा दाखला निघाला. प्रत्येक निराळ्या तारखेमागे त्या दिवशी वेळेवर पोहोचलेले एक वाहन, जागी असलेली एक परिचारिका आणि सुखरूप घरी परतलेली एक आई असते. त्या रकान्यात अधूनमधून १ जून अजूनही दिसतो. तो जेथे दिसतो, तेथवर रस्ता जावयाचा राहिला आहे.